गाडीबरोबर नकाशा विकत घेऊ नका

येत्या पाडव्याला ज्यांच्या दारात नवी मोटार उभी राहणार आहे, त्या वाचकांचे मी आधी मनापासून अभिनंदन करतो. गाडीला हळदकुंकू लागेल, चाकाखाली लिंबू चिरडेल, शेजारची मुले हॉर्न वाजवून पाहतील. हे सारे यथासांग होवो. माझे भांडण आहे ते त्याआधीच्या एका तासाशी. शोरूममधल्या त्या तासात एक अत्यंत नम्र तरुण तुम्हांला खालच्या मॉडेलकडून टॉप मॉडेलकडे अलगद ढकलत नेतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "साहेब, हिच्यात नेव्हिगेशन इनबिल्ट आहे."

इनबिल्ट! या एका शब्दाने भल्याभल्यांची मती गुंग झालेली मी पाहिली आहे. आपल्याकडे भिंतीत बसवलेले कपाट म्हणजे श्रीमंती आणि भिंतीला टेकवलेले कपाट म्हणजे बिऱ्हाडकरू, अशी एक समजूत आहे. तीच आपण मोटारीलाही लावतो. पण कपाटातले लुगडे दहा वर्षे घडीत राहिले तरी लुगडेच राहते. नकाशाचे तसे नाही. त्याची जात पंचांगाची. सहा वर्षांपूर्वीचे पंचांग कितीही गुळगुळीत कागदावर छापलेले असले, तरी त्यावरून यंदाच्या लग्नाचा मुहूर्त कोणी काढत नाही.

आमच्या मेहुण्यांनी २०१९ साली अशीच एक इनबिल्ट गाडी घेतली. मेहुणे हौशी. पाहुणा आला की त्याला आधी गाडीत बसवून तो पडदा दाखवायचा आणि मग घरात चहा, असा त्यांचा शिरस्ता. यंदा उन्हाळ्यात आम्ही त्यांच्या गाडीतून समृद्धी महामार्गाने नागपूरला गेलो. हा रस्ता ७०१ किलोमीटरांचा. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि शेवटचा जून २०२५ मध्ये. मेहुण्यांच्या गाडीच्या नकाशाला यातले काहीच ठाऊक नव्हते. आमची गाडी गुळगुळीत काँक्रिटवरून धावत होती आणि पडद्यावरचा बाण बिचारा रानोमाळ, लोकांच्या उभ्या पिकांतून पळत होता. मधूनमधून आतली बाई काकुळतीला येऊन सांगे, शक्य होईल तेथे वळा आणि मागे फिरा. मुंबईत शिवडीहून अटल सेतूवर चढलात, तर हाच बाण तुम्हांला सरळ समुद्रातून न्हाव्याकडे पोहत जाताना दिसेल. कारण तो पूल जानेवारी २०२४ चा. मेहुणे नवा नकाशा भरून घ्यायला गेले, तेव्हा त्या मॉडेलसाठी आता नवे नकाशे येत नाहीत, असे त्यांना हसतमुखाने सांगण्यात आले. गाडीचे इंजिन अजून दहा वर्षे कुरकुरणार नाही. नकाशा मात्र पाच वर्षांतच वारला, आणि त्याचे प्रेत डॅशबोर्डात बसवलेले असल्यामुळे बाहेर काढता येत नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. मोटार दहा-पंधरा वर्षे टिकते, नकाशा वर्षाभरात शिळा होऊ लागतो. ज्या दोन वस्तूंची आयुष्ये इतकी विजोड, त्यांची लग्नगाठ कारखान्यात बांधून देण्यात कारखान्याचा फायदा असेल, तुमचा नाही.

यावर विक्रेता म्हणेल, "काका, ते जुने झाले. आता गाडीतच सिम कार्ड असते, नकाशा आपोआप नवा होतो." होतो खरा. पण पहिली काही वर्षे फुकट, आणि मग? मग वर्गणी. दुधाचे, पेपरचे, केबलचे बिल भरतो तसे स्वतःच्या गाडीला रस्ता विचारण्याचे बिल. शिवाय ते सिम ज्या जाळ्यावर बोलते ते जाळे उद्या राहील याची हमी कोण देतो? अमेरिकेत मोठ्या दूरध्वनी कंपन्यांनी २०२२ साली थ्रीजी सेवा बंद केली, तेव्हा त्या सेवेच्या भरवशावर असलेल्या कित्येक चांगल्या चालत्या गाड्यांची ही दूरची बोलणी एका फटक्यात थांबली. फोन जुना झाला तर माणूस फोन बदलतो. त्यासाठी मोटार बदला, असे सांगणारा विक्रेता मला तरी अजून भेटायचा आहे; भेटला तर आश्चर्य वाटणार नाही. त्याच वर्षीच्या पहिल्या जानेवारीला होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांतली नेव्हिगेशनची घड्याळे एकदम २००२ सालात जाऊन बसली आणि काही महिने तेथेच बसून राहिली. गाड्या उत्तम होत्या. दोष होता तो आत चिणून टाकलेल्या, मालकाला हात लावता न येणाऱ्या यंत्राचा.

मी यंत्रद्वेष्टा नाही. ज्या काळात दुसरा उपायच नव्हता, त्या काळात गाडीत नकाशा बसवणाऱ्यांचे मला कौतुकच वाटते. याच होंडाने १९८१ साली जपानमध्ये एक उपकरण काढले होते. त्यात उपग्रह नव्हते, गाडी किती वळली ते ओळखणारे एक यंत्र होते आणि पारदर्शक फिल्मवर छापलेले नकाशे हाताने सरकवायचे. १९८५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एटॅक नावाच्या यंत्राचे नकाशे तर गाण्यांच्या कॅसेटींसारख्या टेपांवर येत. एका टेपवर सारे शहर मावत नसे, म्हणून शहराच्या एका भागातून दुसऱ्यात शिरताना टेप बदलायची. ही माणसे कल्पक होती. पण आज प्रत्येकाच्या खिशात त्यांच्या स्वप्नातही नव्हते असे यंत्र असताना, तेच पुन्हा गाडीच्या किमतीत भरायचे आणि त्याच्या जोडीला छतावरची काचेची खिडकी, रंगीत दिव्यांची पट्टी आणि कातडी शिटा गळ्यात मारून घ्यायच्या, याला मी कल्पकता म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र प्रतिपक्षाला दिली पाहिजे. बोगद्यात गाडीतले नेव्हिगेशन फोनपेक्षा सरस ठरू शकते. चांगल्या इनबिल्ट यंत्राला चाकांचे फेरे मोजता येतात, वळण समजते. त्यामुळे उपग्रह दिसेनासे झाले तरी ते अंदाजाने पुढे चालू राहते. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या दोन किलोमीटरांच्या बोगद्यात किंवा कशेडीच्या बोगद्यात फोन गोंधळतो. पण बोगद्यात वळायला जागाच कुठे असते? आत शिरलात की पलीकडे निघता. दोन मिनिटांच्या या शहाणपणासाठी मी काही लाख रुपयांचे मॉडेल घेणार नाही.

आता खऱ्या आक्षेपाकडे येतो, कारण तो आमच्या वहिनींनीच घेतला आणि वहिनींचा आक्षेप टाळणे शक्य नसते. त्या म्हणाल्या, "भावजी, घाटात रेंज गेली की तुमचा फोन मुका. गाडीतला निदान बोलतो तरी." हा गैरसमज इतका पसरलेला आहे की विक्रेत्यांना तो पसरवावाही लागत नाही. तेव्हा स्पष्टच सांगतो. आपण कोठे आहोत हे कळायला फोनला रेंज लागत नाही, डेटा लागत नाही, सिम कार्डसुद्धा लागत नाही. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येकाच्या पोटात अतिशय काटेकोर अणुघड्याळ असते आणि तो सतत एवढेच सांगत असतो की मी अमुक, माझी जागा अमुक, आणि आता वाजले अमुक. हा निरोप आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो. कोणाचा निरोप किती उशिरा आला यावरून तो उपग्रह किती दूर आहे ते फोन काढतो, आणि अशा चार उपग्रहांची अंतरे मिळाली की स्वतःची जागा ठरवतो. फोन यात फक्त ऐकतो, रेडिओसारखा. ऐकण्याचे कोणी पैसे मागत नाही आणि वरंध घाटातही आकाश असतेच. रेंज असली तर ही जागा झटकन सापडते, नसली तर थोडा वेळ लागतो, एवढाच फरक.

रेंज गेल्यावर नाहीसा होतो तो नकाशा. कारण तो आपण घरून बरोबर घेतलेला नसतो, वाटेत घासाघासाने मागवत असतो. लाडू घरी करून डब्यात भरून न्यायचे सोडून, दर दहा मैलांवर हलवाई शोधायचा, असा हा प्रकार आहे. निघण्याच्या आदल्या रात्री, घरच्या वायफायवर, जायचे ते सगळे जिल्हे फोनमध्ये उतरवून घेतले की काम झाले. गूगलच्या नकाशात ही सोय आहे. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड ही ॲप्स तर मुळात त्यासाठीच केलेली आहेत. त्यांचा नकाशा एकदा उतरवला की आंबोलीपासून माळशेजपर्यंत रेंज कोठेही जाऊ दे, तुमचा रस्ता जात नाही. ही दोन्ही ॲप्स ज्या ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात, तो नकाशा २००४ पासून जगभरची साधी माणसे मिळून काढत आली आहेत. तुमच्या गावची नवी पाणंद त्यात नसेल तर ती तुम्ही स्वतः भरू शकता. मेहुण्यांच्या गाडीत समृद्धी महामार्ग भरण्याचा अधिकार मेहुण्यांना नव्हता, गाडी त्यांच्या नावावर असूनही!

म्हणून माझा राग इनबिल्टवाल्यांइतकाच, फोन हातात असून नकाशा न उतरवता घाटात शिरणाऱ्यांवरही आहे. आणि त्याहून अधिक आहे तो नकाशाला वेदवाक्य मानणाऱ्यांवर. जानेवारी २०२१ मध्ये, अकोले तालुक्यात कोतूळजवळ, पुण्याहून कळसूबाईकडे निघालेल्या एका मोटारीला फोनच्या नकाशाने रात्रीच्या अंधारात पुलाकडे नेले. पूल होता, पण पिंपळगाव खांड धरणाचे पाणी चढल्याने तो पाण्याखाली होता. मोटार सरळ पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, चालक बुडाला. पूल पाण्याखाली जातो हे कोतुळात सगळ्यांना माहीत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. त्या पुलाचा पुढचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता आणि तेथेही गाडीतली माणसे नकाशाच्या भरवशावर होती, असे सांगण्यात आले.

हे फोनचे पाप आहे, असे प्रतिपक्षी म्हणेल. मी उलट विचारतो, गाडीतल्या नकाशाला तरी पाणी दिसले असते का? पूल आहे एवढेच दोघांना ठाऊक. आणि घरून उतरवलेल्या नकाशाची मी इतकी वकिली केली, तरी ताज्या बातमीच्या बाबतीत तो सगळ्यांत मागे, हे मी लपवणार नाही. वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश निघतात. ते त्याला कळत नाहीत. ते कळते चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, एसटीच्या ड्रायव्हरला. नकाशाने रस्ता दाखवावा आणि रस्ता चालू आहे का हे माणसाने सांगावे, अशी कामाची वाटणी मला पटते. काचा चढवून, वातानुकूलित गारव्यात बसून, पडद्यावरच्या बाईखेरीज कोणाशी बोलायचेच नाही, असा पण करून निघणाऱ्यांना दोन्ही नकाशे सारखेच धोक्याचे.

आणि त्या बाईचे मराठी! तिला ळ येत नाही. टिळक रस्त्याचा तिलक होतो, कळंबचे कलंब होते. शिवाय नुसते पिंपळगाव म्हटलेत तर ती तुम्हांला कोणत्या पिंपळगावी नेईल ते सांगता येत नाही. बसवंत, जोगे, खांड अशी पिंपळगावे आपल्याकडे पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवलेली आहेत. तालुका पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये.

विकत घ्यायचेच असेल तर साधा पडदा घ्या. फोन केबलने जोडला की फोनचाच नकाशा मोठ्या पडद्यावर यावा, म्हणजे कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो चालावे, एवढे पाहा. ते बहुधा मधल्या मॉडेलमध्येही मिळते. ही सोय आहे तोवर विचारून घ्या, कारण कारखानदारांची नजर तिच्यावरही आहे. जनरल मोटर्सने २०२३ सालीच जाहीर केले की आपल्या पुढच्या विजेरी गाड्यांत ही दोन्ही ठेवणार नाही, आपले स्वतःचेच नेव्हिगेशन देणार. गाडी विकून झाल्यावरही गिऱ्हाईक आपल्याच हाती राहावे, ही ती युक्ती. पडदा नसेल तर काही शेकड्यांचा स्टँड पुरे. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनुसार गाडी चालवताना फोनचा वापर फक्त रस्ता पाहण्यासाठी चालतो, तोही चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. तेव्हा मांडीवर फोन ठेवून एका हाताने नकाशा सरकवणाऱ्या पुतण्याला मागच्या सीटवर बसवा आणि पत्ता लिहिण्याचे काम वहिनींकडे द्या. दुपारच्या उन्हात फोन काचेला चिकटवू नका. तापला की तो स्वतःहून झोपतो.

विक्रेत्याचा एक शेवटचा हुकमी पत्ता असतो, तोही सांगून ठेवतो. तो विचारेल, "पण साहेब, फोन घरी विसरलात तर?" त्याला विचारा, दिवाळीला गावी जाणाऱ्या गाडीत पाच माणसे, सहा फोन आणि आजीचा एक जुना बटणांचा असतो. सगळेच एकदम विसरायचे म्हणजे काय गंमत आहे?