वाड्याच्या भिंतींना श्वास घेऊ द्या

वैशाखातील भर दुपारी पुण्यातील एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीतून आत शिरताच जो गारवा अंगाला लागतो, त्यासाठी विजेचे एक युनिटही खर्ची पडलेले नसते. जाड भिंती उष्णता सावकाश शोषतात, चौकातून तापलेली हवा वर निघून जाते आणि ओसरीतील सावली तशीच राहते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, १८०७ च्या सुमारास उभा राहिलेला विश्रामबागवाडा हा या शास्त्राचा वस्तुपाठच आहे.

आज वाडा पाडला जात नसेल, तर त्याचे ‘आधुनिकीकरण’ होते. लाकडी खिडक्यांच्या जागी सरकत्या काचा, सागवानी तक्तपोशीखाली खोटे छत, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि कोरीव सज्जावर वातानुकूलन यंत्राचे खोके! चुना ओल शोषतो आणि बाहेरही टाकतो. सिमेंट ती आत कोंडते. ओल्या भिंतीतून उष्णता अधिक वेगाने आरपार जाते, लाकूड कुजते. वास्तूचे रूपही जाते आणि विजेचे बिलही वाढते.

२००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००७ मध्ये इमारतींसाठी ऊर्जा संहिता आली. तिचा रोख नव्या व्यापारी इमारतींवर होता. मुंबईने १९९५ मध्येच वारसा नियमावली केली. तिचा भर वास्तूचे रूप जपण्यावर. एक विजेचा हिशेब पाहते, दुसरी सौंदर्याचा. वाड्यात राहणाऱ्या कुटुंबाला दोन्ही एकत्र समजावून सांगणारा मात्र क्वचितच भेटतो.

वास्तविक क्रम साधा आहे. प्रथम गळती थांबवावी, दुरुस्ती चुन्यानेच करावी. बुजवलेले झरोके उघडावेत. कौलांखाली, नजरेस न येणारा उष्णतारोधक थर द्यावा. मग दिवे-पंखे बदलावेत. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नव्या तंत्राच्या पंख्याला ३०-३५ वॅट पुरतात. वातानुकूलन हवेच असेल, तर एखाद्या खोलीपुरते आणि यंत्र मागील अंगास. सौर तावदाने रस्त्यावरून न दिसणाऱ्या छपरावर बसवावीत.

वाडेमालकांच्या अडचणी आम्ही नाकारत नाही. तुटपुंजे भाडे आणि भाऊबंदकीचे दावे यांत दुरुस्तीला पैसा आणायचा कोठून? म्हणूनच अशा दुरुस्तीसाठी महापालिकांनी मालमत्ता करात सवलत द्यावी आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांची सूची नागरिकांच्या हाती ठेवावी. वाडा पाडून उभारलेल्या इमारतीच्या विटा, सिमेंट, पोलाद यांतही ऊर्जा ओतावी लागते, हा हिशेबही एकदा मांडला जावा.

ज्या परंपरेचा आपण सभा-संमेलनांतून गौरव करतो, तिच्याच भिंतीवर सिमेंट थापताना आपला हात क्षणभर तरी थबकला पाहिजे.