नेटची शेतचारी कोणत्या कालव्यावर?



पीक विम्याच्या अर्जाची मुदत संपत आली आणि नेमके त्याच दिवशी सेवा केंद्रातले नेट बंद पडले, की सारा दोष गावच्या केबलवाल्याच्या माथी बसतो. पण चारीला पाणी आले नाही, तर खोट चारीत आहे, वितरिकेत आहे की मुख्य कालव्यात, हे आपण आधी पाहतो ना? इथेही तसेच पाहावे.

इंटरनेट पुरवणाऱ्यांचे तीन स्तर मानतात. पहिला स्तर म्हणजे मुख्य कालवा. या मोठ्या कंपन्या आपसांत फुकट देवघेव करतात. जगात कोठेही पोहोचायला कोणाला पैसे देत नाहीत. आपल्याकडची टाटा कम्युनिकेशन्स यात मोडते. हीच पूर्वीची विदेश संचार निगम. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट तिनेच सुरू केले. दुसऱ्या स्तरावरचे काही देवघेव फुकट करतात, बाकीची वरून विकत घेतात, ही वितरिका. तिसऱ्या स्तराचा पुरवठादार सगळेच विकत घेऊन घरोघर पोचवतो. ही आपली शेतचारी.

यात एक गल्लत मात्र करू नका. सरकारी परवान्याचे ए, बी, सी हे वर्ग वेगळे. २०१३ पासूनच्या एकीकृत परवान्यात 'ए' म्हणजे सारा देश, 'बी' म्हणजे एक दूरसंचार मंडळ किंवा महानगर, आणि 'सी' म्हणजे साधारण एका जिल्ह्याएवढे क्षेत्र. अक्षरावरून क्षेत्र कळते, प्रत नव्हे. सातबारा पाहून एकर कळतात, एकरी किती पोती निघतील ते कळत नाही.

म्हणून दौलताबादेत काय किंवा आसपासच्या वाडी-वस्तीवर काय, वर्षाचे पैसे एकदम मोजण्याआधी तीन गोष्टी विचारा. परवाना कोणत्या कंपनीचा? वरची लाइन एकाकडूनच घेतली आहे, की दोघांकडून? दोघांकडून असेल, तर त्या तारा वेगवेगळ्या वाटांनी येतात का? दोन्ही एकाच चरातून आल्या असतील, तर जेसीबीच्या एका घासात दोन्ही तुटतात. विहिरीच्या जोडीला बोअर असावी, तसे हे आहे.

उत्तरे गोलमाल वाटली, तर आधी महिन्याचेच पैसे भरा. एक पावसाळा पाहा, मग वर्षाचे ठरवा. आणि अर्ज मात्र मुदतीच्या आठ दिवस आधीच उरकून घ्या.