मुलांस पोहावयास शिकविणे

‘निष्णात’ व ‘नदीष्ण’ हे शब्द पाणिनीने कौशल्याच्या अर्थी सिद्ध केले. दोहोंचा धातू ‘स्ना’, म्हणजे स्नान करणे. पाण्यात उतरून जो तयार झाला तो कुशल, असा त्यातील भाव. परंतु आमच्या धाराशिव जिल्ह्यात नदीष्ण व्हावे कोठे, हाच प्रश्न! उन्हाळ्यात तेरणेच्या पात्रात वाळू व विहिरींत तळ दिसतो. ‘येथे पाणीच नाही, मग बुडण्याचे भय कसले?’ असे सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते.

हा समज आता घातक झाला आहे. इ. स. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही सरकारी योजना निघाली आणि दुष्काळी भागात ठिकठिकाणी शेततळी झाली. पिकांस ती उपकारकच होत. परंतु पाणी मुरू नये म्हणून ज्यांत प्लास्टिकचा कागद अंथरतात, त्यांच्या उतरत्या बाजू ओल्या झाल्या की पाय ठरत नाही. जुन्या विहिरीस पायऱ्या असत, कपारी असत. येथे धरावयास काहीच नाही. पोहणारासुद्धा काठाशी येऊन वर चढू शकत नाही. तळ्यास कुंपण आणि काठावर पक्के बांधून पाण्यात सोडलेले गाठींचे दोर असल्याखेरीज सुटीत शेतावर गेलेल्या मुलांस तिकडे फिरकू देऊ नये. पोहणे शिकविण्याची जागा तर ती नव्हेच.

शिकवावे ते ठाव लागणाऱ्या स्वच्छ पाण्यात. पाठीस भोपळा बांधून मुलास विहिरीत लोटण्याच्या रीतीने पुष्कळ जण पोहू लागले हे खरे; पण जे भिऊन जन्मभर पाण्यापासून दूर राहिले, त्यांची गणती कोणी ठेविली? छडीच्या धाकाने पाठ झालेली रूपावली आम्ही शाळेत पुष्कळ ऐकली आहे; ती टिकते, गोडी मात्र उरत नाही.

पहिले काही दिवस हातपाय मारण्याचे नावच काढू नये. मुलाने कमरेइतक्या पाण्यात उभे राहावे, तोंड बुडवून बुडबुडे काढावेत. मग वडील माणसाने मानेखाली व पाठीखाली हात देऊन त्यास उताणे तरंगवावे. छातीत श्वास भरला की अंग हलके होते, हे एकदा कळले म्हणजे निम्मी भीती सरते. त्यानंतर काठ धरून पाय मारणे. भोपळा, सांगड, ट्यूब ही साधने होत, राखणदार नव्हेत. शिकविणारा हाताच्या अंतरावर हवा, व त्याच्या हाती मोबाईल नको. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. तोंडच पाण्यावर राहत नाही, तेथे हाक कशी मारणार?

बांगलादेशात गावतळ्यांतच बांबूचे मंच बांधून ४ ते १२ वर्षांच्या मुलामुलींस पोहणे शिकविण्याचा उपक्रम झाला. स्वतः पाण्यात न उतरता दुसऱ्यास कसे वाचवावे, हेही त्यात शिकवितात. आमच्याकडे एकास वाचवावयास दुसरा उडी घेतो आणि दोघेही जातात. दोर, काठी, साडी, धोतर, जे हाती लागेल ते फेकावे व ओढून घ्यावे, हे घरातील प्रत्येकास ठाऊक हवे.

‘मुलामुलींस’ हा शब्द आम्ही मुद्दाम घातला. धुणे घेऊन काठावर जावयाचे मुलींनी आणि पोहावयास शिकावयाचे मुलांनी, ही वाटणी कोणत्या शास्त्रातली? मोठ्या कुटुंबात एखादी आत्या किंवा काकू पोहणारी निघतेच. या सुटीत घरच्या मुली तिच्या स्वाधीन कराव्यात, अंगासरसा आटोपशीर पोशाख शिवून द्यावा, आणि शेजारी काय म्हणतात इकडे आजीबाईंनी कानाडोळा करावा.