घंटा एक, धोके दोन

परवा एका मीटिंगसाठी आयटी पार्कात गेले होते. गेटवर नाव, नंबर, फोटो, गळ्यात व्हिजिटर पास, लॅपटॉपचा सीरियल नंबरसुद्धा लिहून घेतला! त्याच दुपारी भाचीला आणायला तिच्या शाळेत गेले, तर थेट वर्गाच्या दारापर्यंत पोचले. 'कोण हवंय?' एवढंही कुणी विचारलं नाही. म्हणजे लॅपटॉप एकदम सेफ आणि भाची रामभरोसे!

रात्री ताईला फोन लावला. ती परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात झेडपी शाळेवर शिकवते. विचारलं, "ताई, कुणी हत्यार घेऊन शाळेत घुसलं तर तुम्ही काय करता?"

ती आधी हसली. मग म्हणाली, "अगं, भूकंपाचं माहितीय आम्हाला. घंटा घणघण वाजली की लेकरं ग्राउंडवर पळतेत. पण माणूस घुसल्यावर अशीच पळाली, तर त्याच्याच पुढ्यात जातील की!"

भूकंपाची तयारी हवीच. 21 मार्च 2024ला हिंगोली, परभणी, नांदेड हादरलं होतंच. पण ताईने बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलं. 24 मार्च 1998ला अमेरिकेत जोन्सबोरोच्या शाळेत हेच घडलं. दोघा विद्यार्थ्यांनी कट केला. एकाने आगीची घंटा वाजवली, मुलं शिकवल्याप्रमाणे बाहेर आली आणि समोरच्या झाडीतून गोळीबार सुरू झाला. चार मुली आणि एक शिक्षिका गेल्या. जे शिकवलं होतं, ते सगळं त्यांनी बरोबर केलं होतं.

पुढच्या वर्षी कोलंबाइन झालं आणि तिकडे 'लॉकडाऊन ड्रिल' रुजलं. दार आतून बंद, दिवे बंद, खिडकीपासून लांब, आवाज नाही. 2013च्या सरकारी गाइडने त्यात भर घातली: वाट मोकळी असेल तर पळा, नसेल तर लपा, आणि मोठ्यांनी अगदीच शेवटचा उपाय म्हणून प्रतिकार करा.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे कुठे एवढ्या बंदुका? एप्रिल 2023मध्ये पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यात एक माणूस पिस्तूल घेऊन भरल्या वर्गात शिरला होता. पोलिसांनी झडप घालून त्याला धरलं म्हणून मुलं वाचली. 2014च्या पेशावर हल्ल्यानंतर आपल्याही शाळांना सूचना आल्या होत्या. पक्की कुंपणभिंत, गेटवर पहारा वगैरे.

पण आपल्याकडे धोका भिंतीवरून उडी मारूनच येतो असं नाही. ऑक्टोबर 2025मध्ये पवईच्या स्टुडिओत 17 मुलांना ओलीस ठेवलं गेलं; ती तर ऑडिशनसाठी स्वतःहून आली होती. बदलापूरला 2024मध्ये आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी होता. त्यानंतर 21 ऑगस्टचा जीआर आला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी. आणि परभणी जिल्ह्यातच जुलै 2025मध्ये मुलीच्या टीसीसाठी निवासी शाळेत गेलेल्या वडिलांचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. गुन्हा संस्थाचालकांवर दाखल झाला. गेटवरचा वॉचमन अशा वेळी काय करणार?

म्हणून कॅमेरा लावला की काम संपलं, असं होत नाही. कॅमेरा बघतो, दार लावत नाही!

ताईच्या वर्गाला कडी आहे, पण फक्त बाहेरून. आतून लावायची सोयच नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या मीटिंगमध्ये ती आतल्या कड्यांचा विषय काढणार आहे. दुसरा उपाय तर फुकटचा आहे. घंटा वाजली की बाहेर, शिट्टी वाजली की आत आणि दार बंद. "खेळ म्हणून शिकवीन," ती म्हणाली. "लेकरांना भीती नाही घालायची."

तुमची मुलं, भाचे, पुतणे शाळेत असतील, तर पुढच्या पेरेंट्स मीटिंगला मार्कांचं बोलून झालं की तीन गोष्टी विचारा. गेटवर कोण विचारपूस करतं? वर्गाचं दार आतून बंद होतं का? आणि बाहेर पळायचं की आत थांबायचं, हे मुलांना कसं कळणार?

भाचीच्या शाळेत मी विचारून आले. बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे घंटा एकच आहे."

निदान आता त्यांच्या ते लक्षात तरी आलंय!