आधी पाहणी, मग पूल

पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहू लागली म्हणजे काठावरच्या खेड्याला पुलाची खरी किंमत कळते. शाळा पलीकडे असते, दवाखाना पलीकडे असतो, आठवड्याचा बाजारही पलीकडेच भरतो. पूल पाण्याखाली गेला की अलीकडचे गाव जणू बेट होऊन बसते. पूल जुना होऊन खचत आला असेल, तर धोका याहूनही मोठा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील पूल महापुरात कोसळला आणि त्याच्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या व त्यांतील माणसे वाहून गेली. तेव्हा जीर्ण पुलांच्या जागी नवे, भक्कम पूल झाले पाहिजेत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु पूल बांधायचा म्हणजे केवळ नदीच्या पात्रात खांब उभे करायचे, असे नव्हे. त्यासाठी दोन्ही काठ खोलवर खणावे लागतात. पुलाकडे येणारे रस्ते वळवावे लागतात. भरावासाठी जवळपासची टेकाडे फोडून माती आणावी लागते. ही खणाखणी सुरू होण्यापूर्वी पुराणवस्तुसंशोधकांनी ती जमीन एकदा डोळसपणे पाहून घ्यावी, असे माझे मत आहे. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. “जिवंत माणसांची सोय पाहायची, की फुटक्या खापरांची?” असे ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

पूल कोठे बांधतात, याचा विचार करा. जेथे पात्र फार रुंद नाही, तळ खडकाळ आहे आणि काठ उंच आहेत, अशी जागा पुलाला सोयीची. पूल नव्हते तेव्हाही वाटसरू व बैलगाड्या अशाच सोयीच्या जागी नदी उतरून जात. त्या जागेला आपण ‘उतार’ म्हणतो. जेथे उतार, तेथे वाट. जेथे वाट, तेथे वस्ती. म्हणून आजच्या पुलाच्या आसपास हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष असण्याचा संभव पुष्कळ असतो. आपल्या खेड्यांतील माणसे शेतीच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जमिनीला ‘पांढरी’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या घरांच्या भिंती पडून, चुलींची राख साचून ही पांढरी तयार होते. नदीकाठी कित्येक ठिकाणी अशा पांढरीची ओसाड टेकाडे दिसतात. शेतकरी ती माती खत म्हणून शेतात नेतात आणि बांधकाम करणारे भरावासाठी नेतात. त्या मातीबरोबर कोणाचा तरी संसार आपण उचलून नेत आहोत, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे खेडे आहे. तेथील टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांहूनही जुनी शेतकऱ्यांची वस्ती मातीखालून प्रकट झाली. घरांच्या जमिनी, धान्याची पेवे, चुली, जळलेले दाणे, काळ्या रंगाने चितारलेली तांबडी मडकी, सारे काही तेथे होते. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेले आढळले. त्यांत लहान मुलांचे अस्थिअवशेष होते. आपले मृत मूल घराबाहेर नेण्यासही त्या आईबापांचे मन तयार झाले नसेल काय? हा प्रश्न आपल्याला पडू शकतो, कारण ते रांजण जागच्या जागी सापडले. त्यांवर प्रथम यंत्राचे फावडे पडले असते, तर चार खापरे व चिमूटभर हाडे एवढेच उरले असते. पुराणवस्तूचे मोल तिच्या धातूत नसते. ती कोठे, किती खोल व कशाशेजारी होती, यात असते. चुलीजवळ सापडलेला जळका दाणा त्या घरचे जेवण सांगतो. तोच दाणा भरावाच्या ढिगात पडला की मुका होतो.

आता पूल आणि पांढरी यांचा झगडा प्रत्यक्ष कसा होतो, ते पाहू. कोल्हापूर शहराच्या कडेला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. 1945-46 साली डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्या काळातील विटांची घरे उजेडात आली. त्याच टेकडीवर कांस्याच्या वस्तूंचा एक साठाही मिळाला. त्यात रोमन बनावटीची भांडी होती आणि समुद्रदेव पोसायडन याची एक सुबक छोटी मूर्ती होती. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे असलेल्या या गावाचा व्यवहार पार भूमध्य समुद्रापर्यंत पोचला होता, हे त्या मूर्तीने सिद्ध केले. पुढे या टेकडीला सरकारी संरक्षण मिळाले.

याच टेकडीजवळ पंचगंगेवर दगडी कमानींचा जुना शिवाजी पूल आहे. रत्नागिरीकडे जाणाऱ्या वाहनांना तो अपुरा पडू लागला, म्हणून शेजारी पर्यायी पूल बांधण्यास घेतला. पुष्कळसे काम झाल्यावर कायद्याचा प्रश्न उभा राहिला. पुरातन स्थळांविषयीच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली सुधारणा होऊन, संरक्षित स्थळापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करण्यास मनाई झाली होती. काम थांबले आणि अर्धवट पूल वर्षानुवर्षे तसाच उभा राहिला. 26 जानेवारी 2018 च्या रात्री प्रवाशांची एक लहान बस जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली. 13 माणसे मृत्यू पावली. साऱ्या जिल्ह्यात हळहळ व संताप उसळला. नंतर राहिलेले काम हाती घेऊन नवा पूल पुरा करण्यात आला.

या हकीकतीवरून कोणी म्हणेल, “पाहिलेत? जुन्या विटांपायी पूल अडला!” मला मात्र ती हकीकत निराळे सांगते. ब्रह्मपुरीची टेकडी काही अचानक उगवली नव्हती. पुलाचा विचार निघाला, त्याच्या कितीतरी वर्षे आधी ती विद्वानांना ठाऊक होती. जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा, तो अर्धा पूल झाल्यावर विचारला गेला. आरंभीच विचारला असता, तर पुलाची जागा थोडी सरकवता आली असती, किंवा आवश्यक ती परवानगी व उत्खनन वेळेवर उरकता आले असते. दोष जुन्या विटांचा नव्हता आणि नव्या पुलाचाही नव्हता. दोष क्रमाचा होता. प्रवाशांच्या जिवाची काळजी वाहणाऱ्यानेच खरे तर आधी पाहणीचा आग्रह धरला पाहिजे.

ब्रह्मपुरी निदान माहीत असलेले स्थळ होते. ज्या खेड्याच्या पांढरीकडे अजून कोणी अभ्यासक फिरकलाच नाही, तेथे पाहणी अधिकच अगत्याची. तिच्यात अवघड असे काय आहे? जुने नकाशे व कागदपत्रे चाळायची. गावातील वृद्धांना विचारायचे. दोन्ही काठ पायी हिंडून खापरे, विटा, दगडी हत्यारे कोठे दिसतात त्याची नोंद करायची. संशय आला तेथे चाचणीचे लहान खड्डे घ्यायचे. जुना पूल पाडायचा असेल, तर त्याची मापे व छायाचित्रे घेऊन ठेवायची, कारण तोही उद्याचा इतिहासच आहे. पुलाचे आराखडे तयार होत असतानाच हे काम होऊ शकते. मग पुलाला एक दिवसाचाही खोळंबा होण्याचे कारण नाही.

योग्य क्रम ठेवला म्हणजे काय साधते, याचे एक थोर उदाहरण आपल्याच देशात आहे. कृष्णा नदीवर नागार्जुनसागर धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा नागार्जुनकोंड्याचे प्राचीन नगर पाण्याखाली जाणार होते. 1954 ते 1960 या काळात तेथे विस्तृत उत्खनन करण्यात आले. महत्त्वाचे अवशेष उचलून उंच टेकडीवर नेले गेले आणि आज त्या टेकडीचे बेट होऊन तेथे संग्रहालय उभे आहे. धरणही झाले, शेतांना पाणीही मिळाले आणि इतिहासही बुडाला नाही. एवढ्या अवाढव्य धरणाला जे जमले, ते खेड्यातील पुलाला का जमू नये?

पाहणीत काही सापडले नाही, तर श्रम वाया गेले असे समजू नये. आपण निर्धास्त मनाने पाया खणू शकतो, हा लाभ लहान नाही. काही सापडलेच, तर ते नोंदवून, जपून ठेवता येते. पडलेला पूल पुन्हा बांधता येतो. उद्ध्वस्त झालेली पांढरी मात्र पुन्हा घडविता येत नाही. तिच्यातील माणसे एकदाच बोलतात, तीही ऐकणारा तेथे वेळेवर असेल तर. तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी गावचा सरपंच होईल. नव्या पुलाच्या कागदावर सही करण्याची वेळ आली, म्हणजे “काठाची पाहणी झाली काय?” एवढा एक प्रश्न विचारण्यास विसरू नका.