चोवीस एक्सचं खूळ

सध्या आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक वाद रंगलाय : रायफलवर स्कोप कुठला बसवावा? मोबाइलच्या गेममध्ये 'एट एक्स' सापडला की पोरं नाचतात, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला. ज्याचा आकडा मोठा तो भारी! मला हे साफ चुकीचं वाटतं. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.)

आपल्या भागात हा विषय गेमपुरता नाही. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे, नावातच फौज. लष्कराने २०१९ साली ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार केला. अशा रायफलीवरची दुर्बीण उद्या आपल्यातलाच एखादा इंजिनिअर निवडेल आणि आपल्याच शेजारचा कुणी ती डोळ्याला लावेल.

आता थोडं गणित. व्हेरिएबल स्कोपवर ३-९×४० असं लिहिलेलं असतं. म्हणजे तीनपट ते नऊपट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं. ४० ला पटीने भागा, डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो. नऊवर साधारण साडेचार मिलिमीटर, तीनवर तेरा. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते. मग ६-२४×५० घेऊन २४ वर लावलात तर गोल जेमतेम दोन मिलिमीटरचा! वरंध घाटात पावसाळ्यात दुपारी चारलाच अंधारून येतं. तिथे हा ढोल काय कामाचा?

आणि दिसणार किती? शंभर मीटरवर तीनपटीत सुमारे दहा मीटर रुंदीचा भाग दिसतो, चोवीसपटीत दीड मीटरच्या आसपास. आंबेनळीच्या झाडीत चाळीस पावलांवर काही हललं तर नुसतं पान दिसेल! माझे मामा फौजेतून रिटायर होऊन पोलादपूरला असतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आधी माणूस तर सापडू दे, मग त्याच्या शर्टाची बटणं मोज."

म्हणून माझं म्हणणं, स्कोप घेताना आधी लहान आकडा बघा. सर्वसाधारण कामाच्या रायफलीला १-६ किंवा फार तर २-७ पुरे. स्नायपरची गोष्ट वेगळी. बऱ्याच स्कोपमध्ये झूम फिरवलं तरी क्रॉसहेअरच्या खुणा तेवढ्याच राहतात, त्यामुळे अंतराचा हिशेब एकाच पटीवर, बहुधा सर्वांत मोठ्या पटीवर, बरोबर येतो. गडबडीत हे कोण लक्षात ठेवणार? वाचलेले पैसे चांगल्या भिंगावर आणि नायट्रोजन भरलेल्या सीलबंद नळीवर घाला. आपल्या पावसात आतून वाफ धरलेला स्कोप म्हणजे रायफलीवरचं ओझं. डोळा आणि भिंग यांतलं अंतरही बघा, नाहीतर ७.६२ च्या धक्क्याने भुवई फुटायची.

बरं, मोठं दिसलं म्हणून नेम लागतो असंही नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. त्या प्रकारात रायफलीवर दुर्बीण लावायला परवानगीच नाही!

तेव्हा कॉमन रूमवाल्यांनी आधी एवढं सांगावं : २४ वर स्वतःच्या छातीची धडधडसुद्धा क्रॉसहेअरमध्ये नाचते, ती कुठल्या बटणाने बंद करणार?