गियर पडत नाही? आधी लिव्हरचे बुश पाहा

पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तरी अब्बांच्या वेळची म्हणून ही गाडी अजून कित्येक घरांत जपलेली दिसते. तिची एक नेहमीची तक्रार असते. लिव्हर ढिला झालाय, पहिला गियर शोधावा लागतो, दुसरा टाकायला जावे तर चौथा पडतो. मग गियरबॉक्स उतरवण्याचा खर्च ऐकून गाडी भंगारात काढायचा विचार सुरू होतो. थोडे थांबा. दोष पुष्कळदा गियरबॉक्सच्या बाहेरच असतो.

या गाडीचा गियरबॉक्स पुढे बॉनेटखाली आणि लिव्हर दोन सीटांच्या मध्ये. दोघांना जोडणारा रॉड गाडीच्या खालून जातो. त्याच्या सांध्यांत छोटे बुश असतात. धूळ, पावसाळ्यातला चिखल आणि वर्षानुवर्षांचा वापर यांनी ते झिजतात. मग हाताची हालचाल गियरबॉक्सपर्यंत पुरती पोचत नाही.

गॅरेजला जाण्यापूर्वी घरीच एक तपासणी करा. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गियर टाकून पाहा.

बंद इंजिनात गियर सहज पडतात, पण इंजिन चालू केल्यावर अडतात किंवा खरखरतात, तर क्लच पुरता सुटत नाही. आधी क्लचची केबल तपासून घ्या.

गियरमध्ये असतानाही लिव्हर खूप डुलतो, नेमकी जागा सापडत नाही, तर बुश किंवा जोड झिजले आहेत.

लिव्हर आणि जोड ठीक असूनही चालत्या गाडीत गियर आपोआप सुटतो, किंवा एकाच गियरमध्ये घरघर येते, तेव्हा मात्र गियरबॉक्स उघडण्याचा विचार करावा.

जुळवणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी झिजलेले बुश बदलायचे, मग जुळवणी. नुसते बोल्ट आवळून घेतले तर चार दिवसांत तीच तक्रार परत येते. गियरबॉक्स न्यूट्रलमध्ये आणि लिव्हरही न्यूट्रलच्या मधल्या जागी ठेवून जोड पक्का करतात. नंतर रिव्हर्ससह प्रत्येक गियर टाकून पाहायचा. मिस्त्रींकडून काढलेले जुने बुश मागून घ्या. झीज डोळ्यांनी दिसते. हौस असली तरी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. इंजिन तापलेले असताना सायलेन्सरच्या पाइपजवळ हात नेऊ नये.

आणि गाडी चालवताना लिव्हरवर हात ठेवून बसण्याची सवय सोडा. त्या भारानेही झीज वाढते.

ईदला सगळे कुटुंब घेऊन गावी निघण्याआधी हे काम उरकून घ्या. घाट उतरताना दुसरा गियर हवा असतो. तो न पडता गाडी न्यूट्रलमध्ये राहिली, तर इंजिनाचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.